घोडेगावचं उसनं रक्त

नगरला हवा खायला कोणी जात नाही. मी गेले ती ओल सांभाळायला, आणि तीही ऐन चैत्रात, जेव्हा तिथल्या माठालाच तहान लागलेली असते. परत आल्यावर मैत्रिणींनी विचारलं, किल्ला पाहिलास का, डोंगरावरचा महाल पाहिलास का? मी म्हटलं, एक न्हाणीघर पाहिलं आणि एक घोडी पाहिली. त्यांना वाटलं थट्टा करते आहे. म्हणून हे सगळं लिहून काढते आहे.

मी मुंबईत एका प्रयोगशाळेत संशोधन करते. घोड्याच्या रक्तात जे तांबडं द्रव्य असतं, हिमोग्लोबिन, त्याचे स्फटिक करायचे आणि क्ष-किरण सोडून त्यांचं छायाचित्र घ्यायचं, हा माझा विषय. स्फटिक म्हणजे खडीसाखरेसारखे खडेच, फक्त मोहरीहून लहान आणि गर्द लाल. पण खडीसाखर कोरडी असते आणि यांच्या पोटात निम्मं पाणी. ते उडालं की खडा वरून जवळजवळ तसाच दिसतो, आत मात्र सगळी घडी विस्कटलेली असते. ओल्या खड्याचं छायाचित्र म्हणजे रांगोळीचे ठिपके. सुकलेल्याचं म्हणजे नुसता धुरकट डाग. माझ्याकडे आजवर जमले होते ते सगळे डागच.

लढाई पेटल्यावर मुंबईवर बॉम्ब पडतील या धास्तीने आमचं क्ष-किरणांचं यंत्र नगरला एका शाळेच्या मागच्या खोलीत हलवलं होतं. बॉम्ब काही पडले नाहीत, यंत्र मात्र तिथेच राहिलं. आता त्यातला मोठा ट्रान्सफॉर्मर लष्कराने मागितला होता आणि महिना संपताच तो जाणार होता. सरांनी मला बोलावून सरळ सांगितलं, "जाऊन या. ओल्या स्फटिकाचं एक तरी स्वच्छ चित्र आणलंत तर विषय तुमचा. नाहीतर पुढे मिठाच्या खड्यांवर काम करा. ते निदान सुकून मरत नाहीत."

मिठाच्या खड्यांनी माझं काही वाकडं केलेलं नाही. पण मला ते नको होते. ज्या द्रव्याच्या जोरावर आपण श्वास घेतो ते आतून कसं रचलेलं आहे, हे एकदा पाहायचं माझ्या मनाने घेतलं होतं. मनाने एकदा घेतलं की मी घरच्यांनाही आवरत नाही, सर तर परकेच. आगगाडीत सबंध वाट मी स्फटिकांची बाटली ओल्या पंच्यात गुंडाळून मांडीवर धरली. शेजारच्या बाईंना वाटलं गंगाजल आहे, आणि त्यांनी उतरताना बाटलीला नमस्कार केला.

नगर

आमच्या वेंगुर्ल्याला मीठ डब्यात पाघळतं, चामड्याच्या चपलेला बुरशी येते, आणि आई दिवसभर काही ना काही उन्हात घालत असते. नगरला उतरल्याबरोबर ओठ फुटले. धुतलेलं लुगडं दोरीवर टाकून वळेपर्यंत वाळलेलं. तिथल्या वाऱ्याला पाण्याचा भारीच हव्यास.

उतरायची सोय रूथबाईंकडे होती. माझ्या प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीच्या त्या मावशी. मुलींच्या शाळेत शिकवतात, एकट्या राहतात, पन्नाशीच्या आसपास, आणि बोलणं असं की समोरच्याला आपण अजून चौथीत आहोत असं वाटावं. पहिल्याच जेवणाला मी घोळ घातला. आमच्याकडे पानाभोवती पाणी फिरवून जेवायला सुरुवात करतात. मी फिरवलं आणि घास तोंडात घातला, तर समोर रूथबाई डोळे मिटून प्रार्थना करत होत्या. मी घास गिळावा की परत काढावा या विचारात तशीच बसले. डोळे उघडून त्या म्हणाल्या, "गीळ, गीळ. देवाला घाई समजते."

पानात हुलग्याचे शेंगोळे होते. आमच्याकडे ह्याच धान्याला कुळीथ म्हणतात आणि त्याची पिठी करून भातावर ओततात. इथे त्याच्या कणकेची लांब वेटोळी करून लसणाच्या झणझणीत रश्शात शिजवतात. डोळ्यांतून पाणी आलं, पण दुसऱ्यांदा वाढून घेतले.

माझी बाटली त्या वेळी माझ्याजवळ नव्हती. स्टेशनवर श्रीधरपंत आले होते. यंत्र ठेवलेल्या शाळेतच रसायनशास्त्र शिकवतात आणि त्याची राखणही करतात. सज्जन माणूस, कोटाची सगळी बटणं लावलेला. "तुम्ही आंघोळ, जेवण करून या," म्हणाले, "मी तोवर सगळी तयारी करून ठेवतो." त्यांनी बाटली माझ्या हातातून इतक्या अदबीने घेतली की मला बरंच वाटलं.

जेवून गेले, तर टेबलावर पांढऱ्या गाळणकागदावर माझे स्फटिक मांडलेले. स्वच्छ, सुटे, कोरडे.

"पाण्यात फार गाळ होता हो," श्रीधरपंत म्हणाले. "दोन वेळा अल्कोहोलने धुतले आणि वाळवून ठेवले. आता वर्षभर काही होत नाही त्यांना."

खरंच, आता त्यांना काही होणार नव्हतं. रसायनशास्त्राच्या कुठल्याही माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात, स्फटिक मिळाला की गाळा, धुवा, वाळवा. मलाही तेच शिकवलं होतं. ते विसरायला मला किती दिवस लागले होते, ते माझं मला ठाऊक. हे सगळं मी नंतर समजुतीने म्हणते आहे. त्या वेळी मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. श्रीधरपंतांनी कोटाचं वरचं बटण काढलं, पुन्हा लावलं, आणि म्हणाले, "मग आता काय लागेल?"

"घोडा," मी म्हटलं.

नगरात टांगे पुष्कळ. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी एकेका टांगेवाल्याला गाठून घोड्याचं बाटलीभर रक्त मागू लागले. पहिला हसला. दुसऱ्याने घोड्याच्या कपाळाला हात लावून कसलासा मंत्र म्हटला. तिसऱ्याने मला बसवून घेतलं, पण रक्ताचं नाव काढताच भर रस्त्यात उतरवून दिलं. उन्हाने डोकं भणभणलं होतं, आणि मुंबईला परत जाऊन सगळं नव्याने करून यायला दिवस उरले नव्हते. घरी येऊन मी चपला कोपऱ्यात भिरकावल्या.

"उद्या घोडेगावचा बाजार आहे," रूथबाई माझ्याकडे न पाहता म्हणाल्या. "माझं माहेर तिथलं. चपला नीट ठेव, सकाळी घालायच्या आहेत."

घोडेगाव

पेट्रोलची टंचाई, म्हणून सर्व्हिस मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. मागे शेगडीचा हा मोठा पिंप, आणि चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायचं. मी ढकलायला सगळ्यांच्या आधी उतरत होते. नुसतं बसून राहण्यापेक्षा ते बरं.

घोडेगावच्या बाजारात बैल आणि म्हशींचीच गर्दी. रंगवलेली शिंगं, गळ्यात घुंगरमाळा, आणि धूळ अशी की माणसं धोतराच्या रंगावरून ओळखायची. घोडे एका कोपऱ्यात थोडेच होते. इथे भाव तोंडाने ठरत नाही. दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालतात, बोटं दाबून आकडे सांगतात, आणि वर चेहरे असे की दोघे एकमेकांची तब्येत विचारताहेत. मी एका घोडीपाशी उभी राहिले तसा एका दलालाने सवयीने रुमाल पुढे केला. मग समोर बाईमाणूस आहे हे ध्यानात येऊन त्याने रुमालाने घोडीच्या पाठीवरची माशी उडवली.

त्याआधी आम्ही मण्यांच्या पालावर थांबलो होतो. रक्त बाहेर काढलं की गोठतं. ते गोठू नये म्हणून बाटलीत काचेचे मणी घालून ती हलवत राहायची, म्हणजे गाठी मण्यांना धरतात आणि रक्त पातळ राहतं. माझे मणी मुंबईलाच राहिले होते. पालावर काचेचे म्हणून जे मिळाले ते मंगळसूत्राचे काळे मणी. विकणारीने माझ्या गळ्याकडे पाहून विचारलं, "कुनाचं लगीन हाय, बाई?"

"घोडीचं," रूथबाई म्हणाल्या आणि मला ओढून पुढे घेऊन गेल्या. मणी आम्ही चहाच्या दुकानात उकळून घेतले. दुकानदाराने ते भांडं पुन्हा वापरलं की नाही, देव जाणे.

रूथबाईंचे वडील या गावात मास्तर होते. त्यांच्या हाताखाली शिकलेला कोंडिबा बाजाराच्या कडेलाच राहत होता. वाळलेला, उंच माणूस, मिशा पिकलेल्या, बोलायच्या आधी थांबणारा. त्याचा टांगा होता आणि मैना नावाची तांबूस घोडी होती. तिने आम्हाला पाहून कान टवकारले आणि पुन्हा कडब्यात तोंड घातलं. रूथबाईंनी सगळं सांगितलं. कोंडिबाने ऐकून घेतलं.

"रगत काढाया काय न्हाई, आक्का," तो म्हणाला. "उन्हाळ्यात आमी बी काढतो, जनावर हलकं हुतं. पर काढल्यालं रगत तिला बांधतो त्या ठानाखालीच गाडतो. भाईर जाऊ देत न्हाई. आमच्या घरची रीत हाय."

"का?" मी विचारलं.

"रगत एकीकडं आन् जीव एकीकडं, आसं झालं की जनावर टिकत न्हाई."

"मी काही करणीबिरणी करणार नाही हो."

"तुमी न्हाई करनार. पर वाटंत कुनाच्या हातात पडलं मंग?"

मी पुढे बोलणार तेवढ्यात रूथबाईंनी माझा दंड दाबला. "कोंडीदादा, मग उसनं दे. काम झालं की परत आणून देऊ."

कोंडिबा थांबला. पीठ उसनं देतात, विरजण उसनं देतात. हे त्याने मनात कुठेतरी बसवून पाहिलं असावं. "समदं?"

"सगळं."

"थेंब बी मागं ऱ्हानार न्हाई?"

"नाही राहणार."

"ह्या बाई कायबी बोलंनात."

"सगळं परत देईन," मी म्हटलं. त्या क्षणी कोणी माझा उजवा कान मागितला असता तरी मी हो म्हटलं असतं.

"आक्का, तुमी जामीन?"

"मी जामीन," रूथबाई म्हणाल्या.

मैनेच्या गळ्याला दोरी आवळल्यावर शीर बोटाएवढी फुगून वर आली. मी सुई घातली. तिच्या कातडीवरून एक शिरशिरी गेली, एवढंच. कोंडिबा तिच्या कानाशी तोंड नेऊन सबंध वेळ काहीतरी बोलत होता. बाटली भरताच मी ती घेऊन अंगणात येरझारा घालत हलवू लागले. दंड भरून आले तशी कोंडिबाने ती माझ्या हातून घेतली. "ताक करता व्हय?" म्हणाला आणि माझ्यापेक्षा चांगली हलवली.

रक्त गाळून घेतल्यावर गाठी धरलेले मणी मी कोपऱ्यात टाकणार होते. त्याने हात पुढे केला. "त्येला बी लागलंय." घोडीच्या पायांपाशी त्याने खळगा केला आणि मंगळसूत्राचे मणी मातीत गेले. त्यानंतर आम्हाला गूळ-पाणी मिळालं, आणि निघताना तो रूथबाईंना म्हणाला, "मी बी येतो नगराला. लग्नसराई हाय, भाडी गावतील." भाडी मिळणार होती हे खरंच होतं. तो कशासाठी येतो आहे हेही आम्हाला कळत होतं.

न्हाणीघर

घोड्याच्या रक्ताचा एक गुण आहे. ते बाटलीत ठेवलं की तांबड्या पेशी आपण होऊन झरझर तळाला बसतात. माणसाच्या रक्ताला एवढी घाई नसते. वरचं पाणी काढून टाकायचं, पेशी मिठाच्या पाण्याने धुवायच्या, फोडायच्या, आणि त्या लाल द्रवात एक क्षार हळूहळू मिसळत थांबायचं. "वरचं पाणी काढून टाकायचं" असं मी म्हणाले खरं, पण टाकलं नाही. प्रत्येक धुवण वेगळ्या बाटलीत भरलं. सगळं म्हणजे सगळं.

थांबणं मला जमत नाही. मी बाटलीपाशी जायचे, उचलायची नाही म्हणून हात मागे बांधायचे, परत यायचे. रूथबाईंनी शाळेच्या वह्या तपासायला दिल्या, तर मी दोघींना नापास केलं. तिसऱ्या सकाळी काचेच्या बुडाशी लाल चकाकी दिसली. खडे आले होते, आणि मुंबईच्यापेक्षा मोठे.

पुढचं काम म्हणजे एकेक खडा काचेच्या नळीत बसवणं. दिव्यावर काच तापवून ओढली की केसासारखी नळी होते, भिंत इतकी पातळ की बोटाला कळायच्या आत फुटते. तिच्यात खडा त्याच्या स्वतःच्या पाण्यासकट ओढून घ्यायचा. मग ते पाणी काढायचं, पण सगळं नाही. खडा काचेला चिकटेल एवढी ओल अंगाला ठेवायची, आणि नळीत दूर एक थेंब ठेवायचा, म्हणजे आतली हवा दमट राहते. जास्त पाणी राहिलं तर खडा घसरतो, कमी राहिलं तर मरतो. शेवटी दोन्ही तोंडं मेणाने बंद.

श्रीधरपंतांच्या खोलीत हे होईना. खडा नळीच्या तोंडाशी येईतो पाणी उडून क्षाराची पांढरी साय धरे. खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावले, ओल्या चादरी टांगल्या, तरी तेच. एकामागून एक खडे माझ्या डोळ्यांदेखत तडकले. संध्याकाळी मी घरी येऊन भिंतीला टेकून बसले आणि रडले. दमले होते म्हणून नव्हे, रागाने.

"ओलच पाहिजे ना?" रूथबाई म्हणाल्या. "मग माझी न्हाणी घे. सबंध नगरात तेवढीच जागा ओली असेल."

दुसऱ्या सकाळी न्हाणीत बंब पेटवला, दोन घंगाळं कढत पाणी ओतलं आणि दार लावून घेतलं. भिंतींवरून पाणी गळू लागलं. कपडे धुवायच्या दगडावर सूक्ष्मदर्शक, झरोक्यातून येणारा उजेड, पाटावर मी. श्रीधरपंत दाराबाहेर स्टुलावर बसून फटीतून लागेल ते देत होते, नळी, कागदाची चिंधी, मेण. त्यांनी कोट काढून ठेवला होता. आत मला वेंगुर्ल्याला परतल्यासारखं वाटलं. जन्मभर ज्या दमटपणाला नावं ठेवली, त्याच्यात हात कसे सहज चालू लागले. माझ्या पापणीचा केस काडीला चिकटवून मी खड्याला हलकेच ढकललं. रबरी नळी तोंडात धरून श्वास आत घेतला, तसा तो काचेत शिरला. कागदाच्या टोकाने पाणी टिपलं. तो काचेला टेकला आणि तिथेच राहिला.

"मेण," मी म्हटलं. बाहेरून मेण आलं.

यंत्र सुरू झालं तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, कारण किरण तासन्‌तास, दिवसरात्र सोडत राहावं लागतं आणि नगरची वीज मनात आलं की डोळे मिचकावते. मी खोलीतून फाटकापर्यंत आणि फाटकापासून खोलीपर्यंत चालत होते. श्रीधरपंत यंत्रापासून हलत नव्हते. वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं आणि कोणाला हात लावू देत नव्हते.

रोज दिवस कलला की कोंडिबा दारात येई. आत पाऊल टाकत नसे. "हाय का समदं?" मी बाटल्या दाखवत असे. तो एकेकीवर नजर फिरवून मान हलवी आणि फाटकाबाहेर मैनेच्या घुंगरांचा आवाज येई. श्रीधरपंतांना हे सहन होत नसे. "पहारेकरी आहे का हा?" ते पुटपुटत. मला राग येत नव्हता. तो यायचा राहिला असता तर मी बेचैन झाले असते.

पहिली फिल्म धुतली. मधोमध चार ठिपके आणि बाकी डाग. दुपारच्या उन्हाने एका टोकाचं मेण पाघळलं होतं आणि खडा मेला होता. श्रीधरपंतांनी मेणात राळ घालून ते कडक केलं, मी पुन्हा न्हाणीत शिरले. लष्कराची माणसं ट्रान्सफॉर्मर उचलायला परवा यायची होती. दुसरी नळी लावल्यावर मी जेवले नाही आणि रूथबाईंनी आग्रहही केला नाही.

दुसरी फिल्म मी अंधाऱ्या खोलीतून ओलीच बाहेर आणली. उजेडाकडे धरली. ठिपके होते. मधे नव्हे, सगळीकडे, अगदी कडेपर्यंत, वळणदार ओळींनी, बारीक आणि नेमके.  श्रीधरपंतांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, आणि माझ्याऐवजी तेच खाली बसले.

संध्याकाळी कोंडिबाने फिल्म दोन बोटांत धरून पाहिली. "ही मैना व्हय?"

"तिचं रक्त. आतून असं रचलेलं आहे."

"आन् त्वांड कुठंय?"

"तोंड नसतं यात."

"लई ठिपकं हायती," तो म्हणाला. बराच वेळ पाहून त्याने ती परत दिली. "मंग, उद्या निघायचं?"

पुन्हा घोडेगाव

तो गेल्यावर श्रीधरपंत हलक्या आवाजात म्हणाले, "बाटल्या द्या परत. पण ही नळी देऊ नका. आतला स्फटिक अजून काही आठवडे जगेल. बंगळूरला असंच यंत्र आहे. एका चित्राने काय होतं? निरनिराळ्या बाजूंनी पुष्कळ लागतील. मोहरीएवढी वस्तू, त्याला कोण सांगणार आहे?"

त्यांचं म्हणणं खरं होतं, तीच पंचाईत होती. मी नळी कापसात गुंडाळून डबीत घातली आणि डबी पिशवीत. रूथबाई कांदा चिरत होत्या. त्यांनी पाहिलं.

"तू मुंबईला जाशील," त्या म्हणाल्या. "मला दर नाताळला त्या गावात जायचं असतं." एवढंच बोलून त्यांनी चिरलेला कांदा फोडणीत टाकला.

सकाळी आम्ही कोंडिबाच्याच टांग्यात निघालो. पुढे मैना दुडक्या चालीने धावत होती. मी पिशवी मांडीवर घेऊन बसले होते आणि मनात भांडत होते. चिमूटभर लाल खडा. तो मातीत जाऊन कोणाचं भलं होणार? घोडी तर समोर धडधाकट पळते आहे. मी दिलेला शब्द रक्ताचा होता, यात रक्त कितीसं? सगळे मुद्दे माझ्या बाजूचे होते, आणि एकाही मुद्द्याने मला स्वस्थ बसवत नव्हतं.

ठाणापाशी कोंडिबाने खळगा खणला. मी एकेक बाटली ओतली, मग धुवणं, टिपलेले कागद आणि मेलेले खडेही टाकले, मग बाटल्या विसळून तेही पाणी. मातीने सगळं पिऊन टाकलं. कोंडिबा फावड्याने माती ओढू लागला. त्याने काही विचारलं नाही. त्याच्या दृष्टीने हिशेब पुरा झाला होता. रूथबाई मैनेच्या मानेवर हात ठेवून दुसरीकडे पाहत होत्या.

"थांबा," मी म्हटलं.

मला ते करायचं नव्हतं, हे स्पष्ट लिहिते. डबी उघडली, कापूस बाजूला केला आणि नळी उन्हात धरली. खडा होता तिथेच होता, ओला, चकाकता. त्याच्याइतका नीट बसवलेला खडा माझ्या हातून कधी झाला नव्हता. मी नळी खळग्यावर धरून चिमटीत मोडली.

कोंडिबा वाकून पाहत होता. काचेच्या कणांत लाल ठिपका क्षणभर दिसला, मग मातीत मिळून गेला. "येवढ्यासाठी चाललं हुतं समदं?"

"एवढ्यासाठीच," मी म्हटलं. त्याने माती सारली, पायाने दाबली आणि मला बसायला घोंगडी टाकली.  मैना कडबा खात होती.

मुंबई

सरांनी फिल्म खिडकीशी नेली. भिंग लावून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेले, पुन्हा पहिल्या कडेला आले. मी खुर्चीत बसले नव्हते. शेवटी ते वळले.

"आणि स्फटिक?"

"परत दिला."

"कोणाला?"

"घोडीला."

मग मला सगळं सांगावं लागलं. ऐकताना त्यांचा चेहरा लाल होत गेला. उसनवारीने शास्त्र चालत नसतं, असं ते म्हणाले. असा स्फटिक मातीत घालणारी विद्यार्थिनी आपण पाहिली नाही, असंही म्हणाले, आणि आणखी बरंच. मी ऐकून घेतलं. त्यातलं पुष्कळसं मी टांग्यात स्वतःला आधीच ऐकवलेलं होतं. बोलून झाल्यावर ते पुन्हा खिडकीकडे वळले आणि भिंग डोळ्याला लावलं. 

"ती घोडी आहे ना अजून?" त्यांनी न वळता विचारलं.

"आहे."

"मालक पुन्हा रक्त देईल?"

"मला देईल," मी म्हटलं.